चौसष्ट केबीतली मापं

बायको गेल्यानंतर सातव्या आठवड्यात मी चौदा जणांना फोन लावले आणि चौदांतला एकही बरोबर जागी लागला नाही.

तिची शिवणाची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. तिथे फळीवर गिऱ्हाइकांची कापडं होती. काही शिवून झालेली, काही नुसतीच घडी घातलेली. प्रत्येकावर टाचणीने चिठ्ठी लावलेली, पण चिठ्ठीवर फक्त तारीख, आणि सगळ्या तारखा उलटून गेलेल्या. लोकांना कळवायला हवं होतं की ती आता नाही, आपापली कापडं घेऊन जा. तिची वही शोधायचा प्रश्न नव्हता, कारण ती वही ठेवतच नसे. तिच्याकडे एक हातात मावणारं यंत्र होतं. डिजिटल डायरी म्हणायचो आम्ही. चष्म्याच्या डबीएवढं, पुस्तकासारखं उघडणारं, वर करडा पडदा आणि खाली डाळीएवढी बटणं.

मी ते उघडलं आणि टेलिफोनचं चित्र असलेलं बटण दाबलं. इंग्रजी अक्षरांत एक नाव आलं आणि त्याखाली आठ आकडे. मी लावायला सुरुवात केली.

पहिला फोन टायरच्या दुकानात लागला. दुसरा लागलाच नाही. तिसऱ्याला एक म्हातारी बाई होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, फार वाईट झालं म्हणाली, दोन मिनिटं माझी समजूत काढली आणि मग विचारलं, "पण आपण कोण?" सातव्या माणसाने मला झापलं. मला वाटलं, नंबर जुने आहेत, लोकांनी बदलले असतील. म्हणून मी नेटाने पुढे जात राहिलो.

पंधरावा लावत होतो तेव्हा काजवाली आली. ती बावीस वर्षं माझ्या बायकोकडे काज-बटणाचं आणि हातशिलाईचं काम करत होती. दोन गल्ल्या सोडून राहते. तिला नाव आहे, पण आमच्या घरात तिला सगळे काजवालीच म्हणतात. ती स्वतःसुद्धा फोनवर "मी काजवाली बोलतेय" असंच म्हणते.

"काय करताय भाऊजी?"

"ताईच्या गिऱ्हाइकांना कळवतोय. पण एक नंबर बरोबर असेल तर शपथ."

तिने वाकून पडद्याकडे बघितलं. "छत्तीस, तीस, अडतीस, चौदा," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "अहो, ही मापं आहेत. छाती, कंबर, सीट, खांदा. तुम्ही बायकांच्या कमरांना फोन लावताय?"

आणि ती हसत सुटली. खुर्चीच्या पाठीला धरून हसली. मलाही हसू आलं. सात आठवड्यांत पहिल्यांदाच आलं. मग तिने चहा टाकला.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, चौदा? पहिले दोन चुकल्यावर थांबावंसं नाही वाटलं?"

"मी काम अर्धवट सोडत नाही," मी म्हणालो.

"हो, ते आई सांगायची," ती म्हणाली.

ते यंत्र मूळचं माझं. मी वजनकाटे दुरुस्त करायचो. दुकानांतले, गोदामांतले, कारखान्यांतले मोठे जमिनीवरचे. महिनाभर फिरती असायची आणि कारखान्यांतले साहेब लोक असल्या डायऱ्या बाळगायचे. मीही एक घेतली. महाग होती. दुकानदाराने सांगितलं, हिच्यात हजार नंबर मावतात. मला जेमतेम साठ माणसं माहीत होती. घरी आणून मी तिघांचे नंबर घातले आणि थकलो. काट्यांचे नटबोल्ट फिरवून माझी बोटं अशी झालेली, की एक बटण दाबायला गेलं की तीन दाबली जायची. दोन महिने ती खिशात मिरवली. फक्त वेळ बघायला वापरायचो, मनगटावर घड्याळ असून.

एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुमचं हे खेळणं मी घेऊ का?"

"तुला काय करायचंय?"

"ते मी बघते."

तेव्हा तिच्या खोलीत एक भांडण झालं होतं. मापाची वही टेबलावर उघडी असायची. ट्रायलला आलेल्या बायका बसल्या बसल्या ती चाळायच्या आणि हिची कंबर किती, तिची सीट किती, असं चालायचं. एकीचं माप बाहेर गल्लीभर झालं. ती बाई पुन्हा आली नाही. त्यानंतर माझ्या बायकोने सगळी मापं त्या यंत्रात घातली. फोन नंबरच्या जागी घातली, म्हणजे कुणी उघडलंच तरी नंबर वाटावेत. आणि गिऱ्हाइकाच्या खऱ्या नावाऐवजी तिने स्वतः ठेवलेलं नाव घातलं. बटणं ती क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने दाबायची, टक टक टक. पोस्टातला तारबाबू बसावा तसं. बायका कौतुकाने बघायच्या. आमच्याकडे कॉम्प्युटरवर माप घेतात, असं सांगायच्या.

जगात मोबाइल आले, मोठे झाले, पातळ झाले. मुलीने तिला एक दिला. त्यावर ती मुलीशी बोलायची. मापं मात्र त्या यंत्रातच. "ह्याला कुणी फोन करत नाही," ती म्हणायची. "हे मला कामात त्रास देत नाही."

एवढं सगळं मला माहीत होतं असं आज लिहिताना वाटतं. पण मापं फोनच्या जागी आहेत हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही. फिरतीवरून आलो की मी माझ्या काट्यांचं सांगायचो.

चौदा फोनांनंतर चार दिवसांनी बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतल्या. मुलीला त्यांनी चौथीला शिकवलं होतं. आता निवृत्त आहेत. त्या दारात उभ्या राहिल्या आणि जे बोलायचं ते बोलल्या, मग खुर्चीवर बसल्या.

"मला विचारायला बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं एक कापड हिच्याकडे आहे. करड्या रंगाचं, कोटाचं."

ते मी काढून दिलं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं आणि उठल्या नाहीत.

"आणि माझं माप हवं आहे."

"दुसऱ्या शिंप्याकडे नव्याने घेतील की, बाई."

काजवाली आतून बाहेर आली आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाईंचा उजवा खांदा खाली आहे. इतकी वर्षं मी त्यांना रस्त्यात नमस्कार करतोय, मला कधी दिसला नव्हता. आज त्यांनी साधा स्वेटर घातला होता म्हणून दिसला.

"लहानपणी पडले होते," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून मी कुणापुढे टेप लावून उभी राहत नाही. एका शिंप्याने माप घेताना दुकानातल्या दुसऱ्याला हाक मारून दाखवलं होतं. तुमच्या बायकोपुढे तीस वर्षं उभी राहिले. ती खोलीचं दार लावायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारायची." त्यांनी मांडीवरच्या कापडाची घडी सारखी केली. "शाळेच्या जुन्या मुलांनी बोलावलंय. पुढच्या महिन्यात. स्टेजवर उभं राहून बोलायचंय. एप्रिलमध्ये तिने नवीन माप घेतलं होतं, मी बारीक झालेय म्हणून. जुना कोट आता लोंबतो."

"ते माप यंत्रात असणार," काजवाली म्हणाली. "मी शिवीन बाई. मला ताईंचा हात माहीत आहे. फक्त आकडे हवेत."

"मिळतील," मी म्हणालो. बोलून गेलो.

बाई गेल्यावर मी यंत्र उघडलं. पडद्याच्या कोपऱ्यात सेलचं छोटं चित्र लुकलुकत होतं. अक्षरं इतकी पुसट की तिरकं धरल्याशिवाय दिसेनात. चौदा फोन लावताना मी ते तासन्तास उघडं ठेवलं होतं. ती असती तर काम झालं की लगेच मिटलं असतं.

त्याच दिवशी मी इंटरनेटवर बसलो. मुलीने तिचा जुना लॅपटॉप ठेवला आहे. यंत्राच्या पाठीवरचा नंबर टाकला आणि शोधलं. मला वाटलं काही येणार नाही. पण अशा डायऱ्यांवर जीव असणारी माणसं जगात आहेत. एका माणसाने आपल्या घरच्या शंभरेक डायऱ्यांचे फोटो काढून, सालाप्रमाणे लावून ठेवले होते. पिवळ्या पानावर निळी अक्षरं, जुनीच धाटणी. पहिल्या डायऱ्यांत फक्त पन्नास नंबर. मग दोन केबीच्या, मग आठच्या, मग बत्तीसच्या. खाली खाली येत गेलो आणि आमची आली. तेच बिजागर, तीच बटणं. ‘चौसष्ट केबी. त्या काळी सर्वांत मोठी.’

मी मुलीला फोन केला. "आपली सापडली."

"चौसष्ट केबी?" ती म्हणाली. "बाबा, माझा एक फोटो मावायचा नाही त्यात."

"तुझ्या आईची सगळी गिऱ्हाइकं मावली."

त्या पानावर एक जुनी जाहिरातही होती. टाय घातलेला माणूस विमानाच्या जिन्यावर उभा, हातात डायरी. ती जाहिरात मी तेव्हा मासिकात बघितली होती. ती बघूनच मी घेतली असणार. त्या माणसाकडे मी बराच वेळ बघत बसलो. त्याला कुणी सांगायला हवं होतं, की शेवटी तुझी बायको तुझ्याकडून ही काढून घेणार आहे आणि बरं करणार आहे.

मग कामाचं वाचायला लागलो. दोन मोठे गोल सेल, ते चालवायला. एक पातळ सेल, मोठे बदलताना आठवण धरून ठेवायला. एका पानावर लिहिलं होतं, मोठे काढा, एका मिनिटात नवे घाला, काही होत नाही. दुसऱ्यावर लिहिलं होतं, असं अजिबात करू नका, पातळ सेल दहा-पंधरा वर्षांपूर्वीच मेलेला असतो, आधी तो बदला. तिसऱ्यावर कुणी लिहिलं होतं, पातळ आधी बदलला आणि त्याच वेळी मोठ्यांनी मान टाकली, सगळं पुसलं गेलं. एका माणसाने सोळा वर्षांपूर्वी एकच ओळ लिहिली होती: माझ्या वडिलांचे पत्ते त्यात होते. खाली कुणीही उत्तर दिलं नव्हतं. मी त्याला उत्तर लिहिलं, की वाईट वाटलं. सोळा वर्षांनी.

शंभर डायऱ्यांच्या माणसाचा पत्ता पानाच्या तळाशी होता. मी त्याला सगळं लिहून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. भाषा थोडी मोडकी होती, कॉम्प्युटरने भाषांतर केलेली असावी. पण अर्थ सरळ होता. सेलला हात लावू नका. जेवढं दिसतंय तेवढं आधी कागदावर उतरवा. सेल बदलणं हा जुगार आहे, आणि जुगार रिकाम्या खिशाने खेळावा.

मुलगी म्हणाली, मोबाइलने फोटो काढ पडद्याचे. काढले. फोटोत खिडकी आली आणि चष्मा लावलेलं माझं तोंड आलं. अक्षर एक नाही.

तेव्हा रविवारी दुपारी मी आणि काजवाली खिडकीपाशी बसलो. ऊन चांगलं होतं. मी यंत्र तिरकं धरून वाचायचं, तिने क्रोशाच्या सुईने बटण दाबायचं आणि वहीत लिहायचं. बाईंचं नाव माझ्या बायकोने काय ठेवलं होतं हे तिला माहीत नव्हतं. "ते ताई कुणाला सांगायच्या नाहीत. मला माझंसुद्धा सांगितलं नाही."

आधी ‘बाई’ घालून शोधलं. नाही. ‘शाळा’ घातलं. नाही. मला एक धास्ती होती. मी म्हणालो, "‘वाकडा’ घालून बघू?"

काजवालीने सुई खाली ठेवली. "भाऊजी, ताई असलं लिहितील?"

"नाही. पण..."

"पण नाही नि बिण नाही. वरून सुरू करा."

वरून सुरू केलं. दोनशेच्या वर नावं होती. सगळी उतरवायची तर यंत्र टिकणार नाही, म्हणून ठरवलं, की नुसतं नाव वाचायचं, बाईंचं वाटलं तरच थांबायचं. खूण एकच. बाकी सगळ्यांना खांद्याचा एक आकडा असणार, बाईंना दोन.

‘अत्तर’. ‘आगगाडी’. ‘बोलघेवडी’. ‘चिमणी’. "ही औषधाच्या दुकानातली," काजवाली म्हणायची. "ही बघा, ही आपली कोपऱ्यावरची. ‘घाई’. हिला कायम उद्याच हवं असतं." ‘हिशेबी’ आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. "ही मी असणार. शिलाईवरून मी एकदा भांडले होते." पण कंबर जुळली नाही म्हणून तिला हायसं वाटलं. मला मजा वाटायला लागली होती. बायको शेजारच्या खोलीत असावी आणि भिंतीआडून गल्लीतल्या एकेकीवर बोलत असावी, तसं. ती घरात कधी कुणाबद्दल वाईट बोलली नाही, आणि इथे दोनशे जणी एकेका शब्दात. मी विसरलो होतो, की ती मला किती हसवायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायचो. मग मी फिरतीवर जायला लागलो आणि ते बंद पडलं. तिचं बंद पडलं नव्हतं.

‘लांबबाही’. ‘मंडळ’. मग नुसती दोन इंग्रजी अक्षरं. ‘मी’.

"काय आलं?" काजवालीने विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही?"

खाली पत्त्याच्या जागेत ओळी होत्या. प्रत्येक ओळीला आधी महिना, मग तीन आकडे. तीन, अडतीस, एकतीस, चाळीस. चार, सदतीस, तीस, एकोणचाळीस. पाच, छत्तीस, एकोणतीस, अडतीस. पुढच्या ओळी बघायला पुन्हा बटण दाबायला हवं होतं.

तीन म्हणजे मार्च. तिने मला डॉक्टरांकडे जाऊ या म्हणून सांगितलं ते ऑगस्टच्या शेवटी. तोपर्यंत मला काही दिसलं नव्हतं. कसं दिसणार? तिचे कपडे तिला नेहमी नीट बसत. ती ते दर महिन्याला आत घेत होती. जन्मभर मी दुसऱ्यांचे काटे बरोबर करत फिरलो. छटाकाचा फरक मला नुसत्या हाताला कळायचा.

पडदा फिका पडायला लागला. मी यंत्र आणखी तिरकं केलं.

काजवालीने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने ओळी वाचल्या नव्हत्या, तरी कळलं. सुई हातात तशीच. "खाली जाऊ, की पुढे जाऊ?" तिने हळूच विचारलं.

खाली म्हणजे बायकोच्या उरलेल्या ओळी. पुढे म्हणजे बाई. दोन्ही होतील असं मला वाटत नव्हतं. तिलाही वाटत नव्हतं, नाहीतर तिने विचारलं नसतं.

बाईंना मी शब्द दिला होता. आणि बाईंचं माप बायकोने घेतलं तेव्हा एप्रिल होता. स्वतःचे सदतीस, तीस, एकोणचाळीस लिहिले त्याच महिन्यात तिने दार लावून, हवापाण्याच्या गप्पा मारत बाईंचे खांदे मोजले होते.

"पुढे," मी म्हणालो.

ती दाबत गेली. टक. टक. टक. मी नावं वाचत होतो, पण आवाज माझा वाटत नव्हता. ‘पाहुणी’. ‘सावकाश’. ‘सोनसळी’. आता अक्षरं वाळूवर काडीने काढल्यासारखी दिसत होती. आणि मग एका नावाखाली, पत्त्याच्या जागेत, दोन खांदे.

"डावा पाच," मी वाचलं. "उजवा सव्वाचार. पॅड पाऊण. छाती चौतीस. कंबर..." मी डोळे बारीक केले. "तीस. बाही डावी बावीस, उजवी साडेबावीस. लिहिलंस?"

"लिहिलं. नाव काय?"

"ताठ."

काजवालीने आकडे मला परत वाचून दाखवले, मी पडद्यावर ताडून बघितले. सगळे बरोबर होते.

मग तिने घाईने दोन अक्षरं दाबली, शोधायचं बटण दाबलं. पडदा एकदा गडद झाला आणि कोरा झाला. पुन्हा चालू करून बघितलं. कोरा. उन्हात धरलं, सावलीत धरलं. काही नाही.

घड्याळजीकडून आणलेले सेल तयार होते. त्या दुसऱ्या पानावर लिहिल्याप्रमाणे केलं, आधी पातळ, मग मोठे, एकावेळी एक. चालू केलं. पडदा स्वच्छ उठला, दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा. एक जानेवारी, बारा वाजून शून्य मिनिटं. टेलिफोनचं बटण दाबलं तर नोंदी शून्य.

काजवाली रडत होती. मी तिला म्हणालो, "तुला माहीत होतं."

मी यंत्र मिटलं.

"स्वतःच्या सीटचं माप स्वतः नीट घेता येत नाही. मागून कुणीतरी टेप धरावा लागतो."

"मीच धरायचे," ती म्हणाली.

"मार्चपासून?"

"ताईंनी शपथ घातली होती, भाऊजी. त्या म्हणाल्या, ह्यांना कळलं तर मला रोज काट्यावर उभं करतील आणि घरभर तक्ते लावतील. मला थोडे दिवस नुसतं घरातल्यासारखं राहू दे, म्हणाल्या."

मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते बरोबर नव्हतं. तिने कापड आणि वही उचलली आणि गेली.

पंधरा दिवस ती आली नाही. त्या काळात मी रोज त्या पिवळ्या पानावर जायचो. करायला काही नव्हतं. लोकांनी लिहिलेलं वाचायचो. एकाने पहिला पगार घालवून डायरी घेतली होती. एका बाईला बसमध्ये सापडली होती, तिने मालकाला त्यातल्याच नंबरावरून गाठलं आणि पुढे त्याच्याशी लग्न केलं. शंभर डायऱ्यांच्या माणसाने विचारलं, काय झालं? मी लिहिलं, जे उतरवायचं ते उतरवलं, बाकी गेलं. त्याने लिहिलं, तुम्ही बरोबर क्रमाने केलं. मी त्याला सेलबद्दल लिहिलं होतं आणि त्यानेही सेलबद्दलच लिहिलं होतं. पण मी ते दोनदा वाचलं.

सोळाव्या दिवशी काजवाली बाईंना घेऊन आली. ट्रायल आमच्याकडेच, बायकोच्या खोलीत, असं तिने मला न विचारता ठरवलं होतं. दार लावलं. आतून तिचा आवाज येत होता, या वर्षी थंडी लवकर पडली, नाही का हो बाई. मी पुढच्या खोलीत बसून राहिलो.

दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. करडा कोट, मोठी बटणं. मी खांद्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलंच. दोन्ही एका रेषेत.

"बसलाय?" त्यांनी विचारलं.

"उत्तम."

त्यांनी भिंतीवरच्या आरशात स्वतःला बघितलं, डावीकडून, मग उजवीकडून. "ती मला काय म्हणायची?" त्या म्हणाल्या. "तुम्ही यंत्रात बघितलं असेल. सगळ्यांना नावं ठेवायची, हे आम्हाला माहीत होतं."

मी सांगितलं.

बाई तशाच आरशासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी जाते मी आता. घालूनच जाते." आणि कोट अंगावर तसाच ठेवून रस्त्याने निघाल्या. एका बाहीला कच्चा टाका होता. काजवाली मागून ओरडली, "बाई, टाके! उद्या द्या परत!" पण त्या वळल्या नाहीत.

काजवाली आत येऊन सुया आवरायला लागली. मी म्हणालो, "चुकलं माझं त्या दिवशी."

"माझंही," ती म्हणाली. "बसा. चहा टाकते."

"चहा नको. ते आकडे सांग. तुला आठवतात का?"

ती टेपची गुंडाळी करत थांबली. मग स्टूल ओढून बसली. "आठवतात. टेप मीच वाचायचे, त्या लिहायच्या."

मी वही घेतली. मार्च, एप्रिल, मे मला माहीत होते, ते आधी लिहिले. जूनचे तिने सांगितले. त्या दिवशी ताईंना गुदगुल्या झाल्या म्हणाली, दोनदा माप घ्यावं लागलं. जुलैला एकाच वेळी दोन ड्रेस आत घेतले आणि उरलेल्या पट्टीचा कापडी पट्टा केला. तो पट्टा मला आठवला. छान दिसतोय, असं मी तिला म्हणालो होतो. ऑगस्टचेही तीन आकडे तिने सांगितले. सप्टेंबर: "तेव्हा तुम्हाला कळलेलं होतं. तरी त्यांनी घेतलं. सवय, म्हणाल्या."

मी लिहिलं आणि विचारलं, "ऑक्टोबर?"

"ऑक्टोबरला मी टेप घेऊन गेले होते," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, राहू दे गं, आज नुसती बस."

मी वहीत ऑक्टोबर लिहिलं, आणि पुढची जागा मोकळी ठेवली.